दोन क्रियापदे आणि कलावंताचा हक्क

सर्जक कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे चित्रकार, गायक, लेखक व अनुवादक ह्यांच्या हक्कांवर आणि उपजीविकेवर जे संकट आले आहे, त्याची चर्चा गेली काही वर्षे मुख्यत्वे दोन गोटांत चालू आहे. एक गोट कायदेपंडितांचा, दुसरा यंत्रज्ञांचा. भाषाभ्यासकाला ह्या वादात कोणी बोलाविलेले नाही. तथापि ह्या विषयावरील न्यायनिर्णय वाचू लागले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे जाणवते ती ही की, त्यांतील युक्तिवादाचा सारा भार अखेरीस एखाद्या साध्या, घरगुती क्रियापदावर येऊन पडतो. यंत्र ‘शिकते’ असे म्हणावयाचे की नाही, आणि यंत्र ‘साठविते’ असे म्हणावयाचे की नाही, ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अब्जावधी डॉलरांचे आणि असंख्य कलावंतांच्या भाकरीचे निकाल लागत आहेत. क्रियापदांचा अर्थ हा तर आपल्याच शास्त्राचा विषय. प्रस्तुत लेखात त्या दोन क्रियापदांची चिकित्सा करावयाची आहे, आणि तीतून कलावंताच्या हक्कासंबंधी काही निष्पन्न होते काय ते पाहावयाचे आहे.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर विभागातील संघराज्य जिल्हा न्यायालयाने २०२५ च्या जून महिन्यात, अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने, दोन महत्त्वाचे निर्णय दिले. पहिला न्या. विल्यम ऑल्सप ह्यांचा, २३ जूनचा. त्यात काही लेखक अँथ्रॉपिक ह्या कंपनीविरुद्ध वादी होते. दुसरा न्या. विन्स छाब्रिया ह्यांचा, २५ जूनचा. त्यात तेरा लेखकांनी मेटा कंपनीवर दावा लावला होता. दोन्ही खटल्यांत प्रश्न एकच होता: लेखकांच्या संमतीवाचून त्यांची पुस्तके यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरणे अमेरिकन कायद्यातील ‘न्याय्य वापर’ ह्या सवलतीत बसते काय? न्या. ऑल्सप ह्यांनी प्रशिक्षणापुरते ‘बसते’ असे उत्तर दिले. यंत्राच्या साह्याने स्पर्धक पुस्तकांचा पूर येईल ही लेखकांची भीती होती. तिला उत्तर देताना त्यांनी शाळेचा दाखला दिला. शाळकरी मुलांना चांगले लिहावयास शिकविले तर उद्या स्पर्धक लेखन वाढेल अशी तक्रार कोणी केली, तर ती जशी ग्राह्य नव्हे, तशीच ही, असा त्यांचा आशय. न्या. छाब्रिया ह्यांनी आपल्या निर्णयात नेमका हाच दाखला हाती घेऊन खोडून काढला. मुलांना लिहावयास शिकविणे ही एक गोष्ट आणि एकाच माणसाला अत्यल्प वेळात व श्रमात अगणित स्पर्धक कृती काढता येतील असे साधन तयार करणे ही दुसरी. ह्या दोहोंत साम्य नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. मात्र बाजारहानीचा पुरावा वादींनी पुढे आणला नव्हता. त्यामुळे निकाल त्यांनाही मेटाच्या बाजूने द्यावा लागला.

एकाच न्यायालयातील दोन विद्वान न्यायाधीश एका उपमेवरून असे वेगळे होतात ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दोघांपुढे कायदा एकच होता, आणि यंत्राची माहितीही जवळजवळ सारखीच. भेद होता तो ‘शिकणे’ ह्या शब्दाच्या व्याप्तीविषयी. यंत्रज्ञांनी ‘प्रशिक्षण’ आणि ‘शिक्षण’ हे शब्द आपल्या व्यवहाराच्या सोयीसाठी उचलले. कोणत्याही शास्त्रात असे होते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु सोयीसाठी घेतलेला शब्द न्यायालयाच्या दारातून आत गेला की आपल्याबरोबर आपले सारे गणगोत घेऊन जातो. शिकणारा म्हटला की विद्यार्थी आला, विद्यार्थी आला की विद्यार्जनाचा हक्क आला, आणि मग त्याला पुस्तक दाखविणार नाही म्हणणारा लेखक आपोआप कद्रू ठरतो.

ह्या ठिकाणी मराठीच्या व्याकरणातील एक जुनी नोंद आठवते. मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी कर्त्याला सामान्यतः ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते: ‘त्याने चित्र काढले’, ‘तिने धान्य साठविले’. परंतु काही मोजकी सकर्मक क्रियापदे हा नियम पाळीत नाहीत. ‘ती लुगडे नेसली’, ‘तो दूध प्यायला’, ‘ती नाव विसरली’, आणि ‘तो गाणे शिकला’. येथे कर्ता प्रथमेतच राहतो आणि क्रियापद त्याच्याशीच जुळते. ह्या क्रियापदांत समान काय, असे विचारल्यास त्यांपैकी बहुतेकांविषयी एवढे म्हणता येते की, त्यांच्या क्रियेचा परिणाम कर्मापेक्षा कर्त्यावर अधिक होतो. नेसल्याने लुगड्यात फारसा बदल होत नाही, नेसणारीत होतो. शिकल्याने गाण्याचे काही होत नाही, शिकणाऱ्याचे होते. (‘खाणे’ मात्र ह्या पंक्तीला बसत नाही, ‘त्याने आंबा खाल्ला’ असेच आपण म्हणतो. तेव्हा हा नियम काटेकोर आहे असा येथे दावा नाही.) व्याकरणावरून कायदा ठरवावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु शिकणे ही शिकणाऱ्याला पालटून टाकणारी क्रिया आहे ही जाण आपल्या भाषेच्या रचनेतच मुरलेली आहे, आणि न्या. ऑल्सप ह्यांच्या उपमेत जे निसटले ते हेच होय.

भास्करबुवा बखले ह्यांचे उदाहरण घ्यावे. बुवांनी फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ ह्या तिघांकडे तालीम घेतली. म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन गायक्या त्यांच्या एका गळ्यात आल्या. ही विद्या त्यांना फुकट मिळाली नाही. तीपायी आयुष्यातील अनेक वर्षे गेली आणि उस्तादांचे चित्त राखावे लागले. पण येथे अधिक महत्त्वाचे ते असे की, एवढे सारे घेतल्यावरही त्यांच्याजवळ गळा एकच होता. ज्या रात्री ते पुण्यास गात त्या रात्री ते धारवाडास गाऊ शकत नसत. त्यांच्या गाण्याने उस्तादांच्या बैठका बंद पडल्या नाहीत, पडणे शक्यही नव्हते. शिवाय आपल्या गायनपरंपरेत शिष्य गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. ह्या रिवाजात भाबडेपणाचा भाग असेल. परंतु घेतलेल्या विद्येचे मूळ जाहीरपणे सांगण्याची ती एक रूढ पद्धत आहे. मर्यादित गळा आणि उच्चारलेले ऋण ह्या दोन गोष्टींनी माणसाच्या शिकण्याला आजवर कुंपण घातले होते. शैलीवर कोणाचीही मालकी नाही हे कायद्याचे तत्त्व ह्या कुंपणाच्या आत वाढले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स ह्या खटल्यात कल्पना, विषय वा कथासूत्र ह्यांवर कॉपीराइट नसतो, तो केवळ त्यांच्या विशिष्ट आविष्कारावर असतो, असे सांगितले ते योग्यच होते. पण ते योग्य असण्याला एक मूक आधार होता: अनुकरणालाही मूळ निर्मितीच्या बरोबरीचा वेळ लागतो. तो आधार आता उरला नाही. तत्त्व मात्र तसेच उभे आहे.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कॅमेरा आला तेव्हाही चित्रकारांनी हाय खाल्ली होती, ग्रामोफोन आला तेव्हा गवयांनी. पुढे काय झाले? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. परंतु छायाचित्र काढण्यासाठी कॅमेऱ्याला आधी सगळ्या चित्रकारांची सगळी चित्रे गोळा करावी लागली नव्हती. ज्याची जागा घ्यावयाची त्याच्याच कामावर पोसलेले असे यंत्र पूर्वी नव्हते.

आता दुसऱ्या क्रियापदाकडे वळू. चित्र काढणारी आजची यंत्रे कशी घडतात हे थोडक्यात सांगावयाचे तर असे: असंख्य चित्रे आणि त्यांलगतचा मजकूर एकत्र केला जातो, प्रत्येक चित्रावर पायरीपायरीने कणीदार धूसरता चढविली जाते, ती उतरवून मूळ चित्राकडे कसे यावे ह्याचा अंदाज यंत्राकडून पुनःपुन्हा करवून घेतला जातो, आणि अंदाज चुकेल तसतसे यंत्रातील अंक बदलले जातात. अखेरीस उरतो तो ह्या अंकांचा एक प्रचंड संच. २०२२ साली उपलब्ध झालेल्या ‘लायन-५बी’ ह्या संग्रहात अशा ५८५ कोटी जोड्या होत्या. त्या संग्रहात प्रत्यक्ष चित्रे नव्हती, महाजालावरील त्यांचे पत्ते आणि सोबतचा मजकूर होता. त्याच्या उपसंचांवर ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे यंत्र घडविले गेले. मग त्या अंकसंचात चित्रे ‘आहेत’ काय?

२०२५ च्या नोव्हेंबरात युरोपातील दोन न्यायालयांनी एका आठवड्याच्या आत ह्याची दोन उत्तरे दिली. लंडनच्या उच्च न्यायालयात गेटी इमेजेस ह्या छायाचित्रसंस्थेने स्टॅबिलिटी एआय कंपनीवर लावलेल्या दाव्यात न्या. जोआना स्मिथ ह्यांनी ४ तारखेला निर्णय दिला की, यंत्राचा अंकसंच मूळ कृती साठवून ठेवीत नाही. सबब तो कायद्याच्या अर्थाने ‘बेकायदेशीर प्रत’ नव्हे. (गेटीच्या जलचिन्हांपुरता व्यापारचिन्हाचा भंग मात्र त्यांनी अंशतः मान्य केला.) ११ तारखेला म्यूनिकच्या प्रांतिक न्यायालयाने गेमा ह्या जर्मन संगीत-हक्कसंस्थेच्या दाव्यात ओपनएआय कंपनीविरुद्ध निकाल दिला. नऊ जर्मन गीतांचे शब्द साध्या सूचनेसरशी यंत्रातून जसेच्या तसे बाहेर येतात, त्याअर्थी ते आत आहेत, आणि आत असणे म्हणजेच प्रत करणे, असे ते न्यायालय म्हणाले. दोन्ही खटल्यांतील सामग्री वेगळी होती हे खरे, एकीकडे चित्रे आणि दुसरीकडे शब्द. तरी मतभेदाचे मूळ सामग्रीत नाही, ‘साठविणे’ ह्या शब्दात आहे. एका न्यायालयाने पेटी उघडून पाहिली आणि वस्तू दिसली नाही म्हणून ती नाही म्हटले. दुसऱ्याने वस्तू बाहेर काढता येते एवढ्यावरून ती आत आहे असे मानले. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसरी रीत अधिक ओळखीची वाटेल. कोणाच्या डोक्यात मराठीचे व्याकरण ‘आहे’ असे आपण म्हणतो ते मेंदू उघडून पाहून नव्हे, तो काय बोलू शकतो ते पाहून.

आपल्या देशापुरते पाहिल्यास हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १४ मध्ये ‘प्रत काढणे’ ह्याचा अर्थ सांगताना, इलेक्ट्रॉनिक साधनाने कोणत्याही माध्यमात ‘साठविणे’ ह्याचाही त्यात स्पष्ट समावेश केलेला आहे. म्हणजे हे क्रियापद आपल्याकडे न्यायाधीशाच्या उपमेत नाही, कायद्याच्या मजकुरातच आहे. एएनआय वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात २०२४ च्या नोव्हेंबरात जो दावा दाखल केला, त्यात हे क्रियापद मध्यवर्ती असल्यास नवल नाही.

परंतु साठविण्याच्या प्रश्नाचे उत्तर कलावंताच्या बाजूने लागले तरी त्याचे समाधान पुरते होईल काय? प्रस्तुत लेखकास तशी खात्री वाटत नाही. आणि त्याचे कारण पाहण्यासाठी पुन्हा संगीताकडे जावे लागेल. विसाव्या शतकाच्या आरंभी पंडित भातखंडे ह्यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून चिजा मिळवून त्या स्वरलिपीत लिहून काढल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. कित्येक घराणेदार गवयांनी त्या देण्यास खळखळ केली, ती अकारण नव्हती. चीज हेच त्यांचे वतन होते. आज मागे वळून पाहता दिसते की, भातखंड्यांच्या हाती लागला तो चिजेचा सांगाडा. गायकी लिपीत उतरली नाही. ती शिकावयाची तर पुस्तक बंद करून गुरूपुढेच बसावे लागे. उस्तादाचे चीज गेली तरी पोट राहिले. आजचे यंत्र ह्याच्या नेमके उलट करते. ते चीज टाकून देते आणि गायकी घेते. रेषांकित आकृती सोडून हाताचे वळण घेते. शब्द सोडून आवाज घेते. आपल्या कॉपीराइटचा सारा बंदोबस्त चिजेभोवती आहे. राखणदार पुढच्या दारी उभा, आणि माल मागच्या दाराने बाहेर, अशी ही अवस्था आहे.

वळण नेण्याची ही क्रिया भाषेच्या द्वारेच घडते, ही त्यातील विशेष लक्षणीय गोष्ट होय. चित्रालगतच्या मजकुरात चित्रकाराचे नाव असते. ते नाव त्याच्या हाताच्या वळणाशी यंत्रात बांधले जाते, आणि पुढे केवळ ते नाव उच्चारले की वळण हजर होते. ग्रेग रुत्कोव्स्की हा पोलंडचा चित्रकार. अद्भुतरम्य खेळांसाठी चित्रे काढून त्याने नाव मिळविले. २०२२ च्या सप्टेंबरापर्यंत त्याचे नाव एका यंत्रास दिलेल्या सूचनांत सुमारे ९३ हजार वेळा आल्याचे प्रसिद्ध झाले होते. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर विशेषनामाचे विशेषण झाले. विशेषनामे सामान्यनामे होतात हे आपले व्याकरणकार जुन्या काळापासून सांगत आले आहेत. शकुनी, नारद, कुंभकर्ण ही उदाहरणे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात. परंतु कुंभकर्णाला त्यामुळे उपाशी राहावे लागत नाही. हयात कलावंताचे नाव विशेषण होते तेव्हा त्या नावावर शोध घेणाऱ्यास त्याच्या स्वतःच्या चित्रांआधी यंत्राची चित्रे भेटू लागतात, ही रुत्कोव्स्कीचीच तक्रार होती. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात तो सारा अँडरसन आदी चित्रकारांच्या अमेरिकेतील दाव्यात सामील झाला. त्या दाव्यातील कॉपीराइटभंगाचे आरोप न्या. विल्यम ऑरिक ह्यांनी २०२४ च्या ऑगस्टात पुढे चालू दिले.

कंपन्यांनीही ह्या नामप्रकरणाची दखल घेतली, पण कशी ते पाहण्यासारखे आहे. २०२५ च्या मार्चमध्ये जपानच्या जिब्ली चित्रपटसंस्थेच्या शैलीत स्वतःची छायाचित्रे रंगवून घेण्याची लाट जगभर उसळली. आपल्याकडील सरकारी खातीही तीतून सुटली नाहीत. तेव्हा ओपनएआयचे धोरण असे होते की, हयात असलेल्या एखाद्या व्यक्तीची शैली मागितल्यास नकार द्यावयाचा, परंतु संस्थेची व्यापक शैली चालू द्यावयाची. व्यक्तिनाम वर्ज्य, समूहनाम मोकळे! संस्थेची म्हणून ओळखली जाणारी ती शैली ज्यांच्या हातांनी घडविली त्यांतील अग्रणी हायाओ मियाझाकी हे त्या वेळी हयात होते, आणि यंत्रनिर्मित चलच्चित्राचा एक नमुना पाहून त्यांनी २०१६ सालीच आपला तीव्र तिटकारा बोलून दाखविला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

समूहनामाचा हा न्याय आपल्याकडे लावला म्हणजे वारली चित्रकलेचे काय होते ते सहज दिसेल. जिव्या सोमा मशे ह्यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली आणि तिला जगात नाव मिळवून दिले. परंतु ती एका व्यक्तीची शैली नव्हे, जमातीची आहे. तिला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळालेली आहे, पण तो कायदा राखतो ते नाव. त्रिकोण, वर्तुळ आणि पांढऱ्या रेषेची लय नव्हे. डहाणू-तलासरीकडील ज्या स्त्रीपुरुषांची चार महिन्यांची मिळकत शुभेच्छापत्रे, पिशव्या आणि हॉटेलांच्या भिंती ह्यांवर अवलंबून आहे, त्यांच्या हाती ह्या घडीला कोणतेही परिणामकारक साधन नाही.

ह्याच्या उलट टोकास काय घडत आहे? मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या जुलैत गायक अरिजित सिंग ह्यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. २०२५ च्या सप्टेंबरात आशा भोसले ह्यांच्या अर्जावर तसाच अंतरिम आदेश दिला. दोन्ही आदेश स्वागतार्ह आहेत. आवाज हा व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे आणि संमतीवाचून त्याचे यंत्र बनविता येणार नाही, हे तत्त्व त्यांत निःसंदिग्धपणे मांडले गेले. परंतु व्यक्तिमत्त्वहक्काचा पाया प्रसिद्धी हा आहे. आवाज ऐकताच तो कोणाचा हे जनतेला ओळखू आले पाहिजे, तरच त्याचे रक्षण. मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांत दिवसाला दोन-तीन कामे करून घर चालविणारी डबिंगची कलावती, समूहगानात तिसऱ्या रांगेत उभा राहणारा गायक, बोलक्या पुस्तकांना आवाज देणारा वाचक, ह्यांचा आवाज लाखोंनी ऐकलेला असतो, पण नावानिशी कोणी ओळखीत नाही. आपल्या कलेची शर्तच त्यांना अनामिक राहावयास लावते. म्हणजे कृतीचे रक्षण कॉपीराइट करतो, कीर्तीचे व्यक्तिमत्त्वहक्क करतो, आणि ज्याच्याजवळ केवळ कसब आहे तो मधल्या फटीत सापडतो. कलावंतांत बहुसंख्या ह्यांचीच आहे.

पैशाच्या प्रश्नाकडे आता थोडक्यात वळावे. न्या. ऑल्सप ह्यांनी प्रशिक्षण न्याय्य ठरविले तरी चोरट्या ग्रंथालयांतून उतरवून घेतलेल्या प्रतींना संरक्षण दिले नाही. त्यातून तडजोड झाली: दीड अब्ज डॉलर, सुमारे पाच लक्ष पुस्तके, पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात विहित मुदतीत नोंदलेली पुस्तकेच तीत पात्र होती. मराठी ग्रंथकार आपले पुस्तक वॉशिंग्टनला नोंदवीत नाही. त्याचा ग्रंथ त्या चोरट्या ढिगात असला तरी वाट्यास काही येण्याजोगे नव्हते.

भारत सरकारच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने २०२५ च्या डिसेंबरात एक कार्यटिपण प्रसिद्ध केले. त्यातील सूचना अशी की, कायदेशीर मार्गाने हाती आलेल्या कृती प्रशिक्षणासाठी वापरण्याचा परवाना कंपन्यांना सक्तीने मिळावा, आणि त्या बदल्यात त्यांनी एका मध्यवर्ती संस्थेमार्फत कलावंतांना मानधन द्यावे. अमेरिकेतील अनिश्चिततेपेक्षा ही वाट बरी, हे मान्य करावयास हरकत नाही. कायदा मनात आणील तर दुबळ्याच्या हातून सुटू नये असा हक्क निर्माण करू शकतो, हे २०१२ च्या दुरुस्तीने सिद्ध केलेच आहे. चित्रपटातील गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा त्यांनी स्वतः लिहून दिला तरी निर्मात्याकडे जाऊ शकत नाही. परंतु ह्या टिपणात एक शब्द नाही आणि तो म्हणजे ‘नकार’. मोबदला मिळेल, नाही म्हणता येणार नाही. उस्ताद ज्याला गंडा बांधीत त्याला विद्या देत, आणि कित्येकांना देत नसत. ही त्यांची कृपणता होती असे आपण पुष्कळदा लिहितो. पण देणे हा शब्द सार्थ होण्यासाठी न देण्याची मुभा असावी लागते. ती काढून घेतली म्हणजे मानधन उरते, दान उरत नाही. आणि मग त्याला मानधन तरी का म्हणावे?

शेवटी एका तिसऱ्या क्रियापदाचा उल्लेख करणे भाग आहे, कारण ते आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या उपजीविकेशी थेट निगडित आहे. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या अधिनियमाच्या कलम २ मध्ये अशी तरतूद झाली की, संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण ‘करविणारी’ व्यक्ती. मराठीत हे प्रयोजक क्रियापद आहे. करणारा एक, करविणारा दुसरा, आणि कर्तृत्व दुसऱ्याकडे. आता अनुवादाच्या व्यवहारात काय होऊ लागले आहे ते पाहावे. अनुवादकाकडे मूळ ग्रंथ न देता यंत्राने केलेला मराठी खर्डा दिला जातो आणि तो ‘तपासून’ द्यावयास सांगितले जाते. खर्डा पाहिलेल्यांस ठाऊक आहे की, तो तपासताना मूळ ग्रंथ उघडावाच लागतो आणि वाक्येच्या वाक्ये नव्याने लिहावी लागतात. काम बहुतेक तेच राहते, पण त्याचे नाव बदलले की दर बदलतो. हक्कही बदलतो. अनुवादक हा आपल्या अनुवादाचा कर्ता असतो, त्याला त्यावर स्वतंत्र कॉपीराइट असतो, तपासनिसाला नसतो. आणि खर्डा यंत्राकडून करविणारा कोण, तर प्रकाशक. कलम २ चा असा अर्थ लावला गेला तर ग्रंथाचा कर्ता तोच ठरावा, असा हा फेरा आहे.

अमेरिकेतील पटकथालेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला, त्यामागील एक कारण हाच फेरा होता. त्यांनी करारात मिळविलेले कलम वाचण्यासारखे आहे. यंत्राने लिहिलेला मजकूर हे ‘साहित्य’ नव्हे आणि ‘मूळ आधार’ही नव्हे, असे त्यात ठरले. परिणामी यंत्राचा खर्डा हाती घेऊन लिहिणारा लेखक पुनर्लेखक ठरत नाही. तो पहिला लेखक ठरतो, आणि श्रेय व मोबदला त्याप्रमाणे मिळतो. यंत्र वापरावयाचे नाही असे त्यांनी म्हटले नाही. दोन नामांच्या व्याख्या तेवढ्या आपल्या बाजूने करून घेतल्या.

मराठी अनुवादकांच्या मागे तशी संघटना नाही, आणि पुष्कळदा लेखी करारही नसतो. जेथे तो असतो तेथे सही करण्यापूर्वी कामाच्या वर्णनात ‘अनुवाद’ लिहिले आहे की ‘तपासणी’ लिहिली आहे, हे पाहावे. आणि खर्डा यंत्राचा असल्यास, तो अनुवाद मानला जाणार नाही, असे एक वाक्य त्यात घालण्याचा आग्रह धरावा.